सत्यशोधक (नाटक)

सत्यशोधक हे नाटककार गो. पु. देशपांडे यांनी महात्मा जोतीराव फुले यांच्या जीवनकार्यावर लिहिलेले नाटक आहे. दिल्लीच्या जन नाट्य मंचाने नव्वदच्या दशकात ते हिंदीत सादर केले. मराठीत ते प्रामुख्याने ओळखले जाते ते २०१२ मध्ये पुण्यात रंगमंचावर आलेल्या प्रयोगामुळे. पुणे महानगरपालिका कामगार युनियनची ही निर्मिती अतुल पेठे यांनी दिग्दर्शित केली होती.

विषय

१ जानेवारी १८४८ रोजी जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी बुधवार पेठेतील भिडे वाड्यात मुलींची शाळा सुरू केली. त्यापायी झालेला विरोध, १८४९ मध्ये सोडावे लागलेले घर आणि २४ सप्टेंबर १८७३ रोजी सत्यशोधक समाजाची स्थापना हा या जीवनकार्याचा गाभा होय. समाजाच्या विचारांच्या प्रसारासाठी पुढे तमाशाच्या अंगाने जलसे उभे राहिले. गण, गौळण, वग ही ओळखीची चौकट त्यांनी ठेवली आणि तिच्यातून भिक्षुकशाही व सावकारी यांवर टीका केली. शेतकरी-कष्टकऱ्यांना हे शिक्षण पुस्तकाविना मिळाले.

कामगारांचा प्रयोग

मोजके सरावलेले नट वगळता प्रयोगातील बहुतेक कलावंत महानगरपालिकेचे सफाई कामगार व युनियनचे कार्यकर्ते होते. पेठे यांचा या कामगारांशी संबंध नाटकापुरता नव्हता. पुण्याचा कचरा आणि तो उचलणारे हात यांवरील ‘कचराकोंडी’ हा माहितीपटही त्यांचाच. सफाईच्या कामात दलित समाजातील माणसांचे प्रमाण मोठे असल्याने जातिव्यवस्थेचा प्रश्न या कलावंतांना संहितेतून शिकावा लागला नाही. सावित्रीबाईंवर शाळेच्या वाटेत शेण-चिखल फेकला जाई, असे सांगतात. शहराची घाण रोज हाताळणाऱ्या माणसांच्या तोंडून हा इतिहास ऐकताना त्याला वेगळे वजन येते.

आणखी एक योग सहसा नोंदवला जात नाही. फुले स्वतः १८७६ पासून काही वर्षे पुणे नगरपालिकेचे सदस्य होते. व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांच्या स्वागतावर एक हजार रुपये खर्च करण्यास १८८० मध्ये त्यांनी एकट्याने विरोध केला होता. त्याच नगरपालिकेच्या वारसदार संस्थेतील झाडूवाल्यांनी त्यांचे चरित्र रंगमंचावर आणले.

या निर्मितीचे शंभरहून अधिक प्रयोग झाले. नाटककार देशपांडे यांचे २०१३ मध्ये निधन झाले. मोडकळीस आलेला भिडे वाडा स्मारकासाठी डिसेंबर २०२३ मध्ये महानगरपालिकेने पाडला.