उंदीर, पिसवा आणि मुंबईचा प्लेग

सप्टेंबर १८९६. मुंबईत धान्याच्या वखारींनी गजबजलेल्या मांडवीत डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. सरकारने घरोघर झडत्या घेतल्या, जंतुनाशके ओतली आणि लोकांचा रोष ओढवून घेतला. घरात आधी उंदीर मरून पडत, मग माणसे. परंतु यामागील दुवा सापडला नव्हता.

१८९८ मध्ये कराचीत पॉल-लुई सिमाँ यांनी प्रयोगाने दाखवले, की तो दुवा म्हणजे पिसू. उंदीर मेला की त्याच्या अंगावरील पिसवा नवे रक्त शोधतात. अनेकांनी ते मानले नाही. १९०५ पासून मुंबईत काम करणाऱ्या प्लेग संशोधन आयोगाने मात्र त्यावर शिक्कामोर्तब केले.

म्हणून धान्य झाकून ठेवावे, बिळे बुजवावीत. मेलेल्या उंदराला उघडा हात लावू नये.