पगार होईपर्यंत

मुंबईच्या उधारीचा इतिहास बँकांपासून नव्हे, गिरण्यांच्या पगारापासून सुरू होतो. गिरणीत पगार महिन्याचा, आणि तोही महिना संपून दहा-पंधरा दिवस झाल्यावर. कोकणातून आलेला माणूस खात्यात कामाला लागला की पहिला पैसा हाती पडायला दीड महिना जाई. तोवर खायचं काय, या प्रश्नावर लालबाग-परळात वाणी, खाणावळवाल्या आणि सावकार अशी तिहेरी व्यवस्था उभी राहिली. कामगारांच्या स्थितीची चौकशी करणाऱ्या व्हिटली आयोगाच्या 1931 च्या अहवालात कामगारांच्या कर्जबाजारीपणावर वेगळं प्रकरण आहे. 1936 च्या कायद्यानं पगार सात किंवा दहा तारखेच्या आत द्यायचं बंधन घातलं, तरी वाण्याची वही काही बंद झाली नाही.

त्या वहीचं एक टोक आमच्या घरात होतं. मोठी खातेवही दुकानात, गल्ल्याशेजारी. बारीक वही आमच्या फडताळात. आई म्हणायची, "वही घेऊन जा, आणि शेठला सांग, अर्धा किलो गूळ, पण चिकीचा नको." शेठ दोन्हीकडे नोंद करायचे. पगार झाला की वडील आधी दुकानात जात, मग घरी येत. व्याज असं शेठ आम्हाला लावत नसत. पण रोखीचं गिऱ्हाईक दुकान बदलू शकतं, खात्याचं नाही. डाळीत खडे निघाले तरी आई भांडत नसे, निवडत बसे. उधारीची किंमत ती अशी भरायची.

खाणावळवालीची गोष्ट आणखी बिकट. एकट्या राहणाऱ्या कामगारांना ती महिनाभर जेवू घाली, पैसे पगाराला. म्हणजे ती त्यांना उधार देणार आणि स्वतः वाण्याकडून चढ्या भावानं, व्याजानं उधार घेणार. प्रेमा पुरव यांनी 1975 मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं ते याच बायकांना राष्ट्रीयीकृत बँकेचं कर्ज मिळवून द्यायला. घरात मोलाची चीज नसलेल्या बाईलाही पत असते, हे बँकेच्या कागदावर तेव्हा कुठे आलं.

तिसरा सावकार, म्हणजे पठाण. पगाराच्या दिवशी गिरणीच्या फाटकावर काठी घेऊन उभा. रुपयाला महिन्याला एक आणा हा दर सर्रास चाले. वर्षाचे झाले पंच्याहत्तर टक्के. वाण्याला तुमची बाकी दर महिन्याला फिटायला हवी असे, नाहीतर त्याचा पुढचा माल कुठून येणार? पठाणाला मुद्दल परत आलेलं फारसं आवडत नसे. नुसतं व्याज देत राहणारा माणूस त्याच्या दृष्टीनं उत्तम गिऱ्हाईक. हे दोन धंदे मुळातच वेगळे, आणि चाळीतल्या कुठल्याही बाईला तो फरक कळत होता.

अमेरिकेतही क्रेडिट कार्डं निघाली ती याच दोन वाटांनी. 1950 मध्ये फ्रँक मॅकनमारा यांनी न्यूयॉर्कमध्ये डायनर्स क्लब काढला. कार्ड पुठ्ठ्याचं, वापर हॉटेलांत जेवायला, आणि महिन्याचं बिल पूर्ण भरायचं. क्लब हॉटेलवाल्याकडून सात टक्के कापून घ्यायचा. म्हणजे वाण्याचीच जात. पाकीट विसरल्यामुळे मॅकनमारांना ही कल्पना सुचली, ही कथा जाहिरातीसाठी रंगवलेली असावी असं माझं मत आहे. 1958 च्या सप्टेंबरात बँक ऑफ अमेरिकेनं मात्र दुसरंच केलं. कॅलिफोर्नियातल्या फ्रेस्नो गावात कुणी मागितलेलं नसताना साठ हजार कार्डं टपालानं घरोघर धाडली. यात बाकी पुढे ओढायची सोय होती, अर्थात व्याजानं. सुरुवातीला पैसे बुडवणारे इतके निघाले की बँकेला लाखो डॉलरचा फटका बसला. पण धंदा टिकला, आणि 1976 मध्ये त्याच कार्डाचं नाव व्हिसा झालं.

मुंबईत डायनर्सचं कार्ड साठच्या दशकात आलं, ते बड्या साहेबांपुरतं. सेंट्रल बँक ऑफ इंडियानं 1980 मध्ये सेंट्रलकार्ड काढलं. भारतीय बँकांतलं ते पहिलंच. मी स्वतः पुढे एका बँकेच्या कार्ड विभागात लागले. त्या काळी दुकानात लोखंडी यंत्र असे. त्यात कार्ड ठेवून वरून सरकपट्टी ओढली की कार्बनच्या चिठ्ठीवर कार्डावरची उठावदार अक्षरं उमटायची. चोरीला गेलेल्या कार्डांचे नंबर छापलेली पुस्तिका दुकानदारांकडे जाई; मोठ्या रकमेसाठी त्यांनी आम्हाला फोन करायचा. फोन लागला तर.

याच शहरात 18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला. कामगार पुढारी दत्ता सामंतांच्या मागे अडीच लाख कामगार बाहेर पडले. पगारच नाही म्हटल्यावर वाण्याच्या वहीला आधार राहिला नाही. काही शेठांनी महिनोन्‌महिने धान्य दिलं, मग त्यांचेही हात टेकले. नव्या कार्डासाठी पगारपत्रक लागायचं, तेव्हा ते या लोकांच्या वाट्याला येण्याचा प्रश्नच नव्हता.

नव्वदच्या दशकात परदेशी बँका कार्डाच्या धंद्यात जोरात उतरल्या आणि वाणी व पठाण एकाच प्लास्टिकमध्ये येऊन बसले. बिलावर दोन आकडे छापलेले असतात: एकूण देय आणि किमान देय. पहिला भरलात तर पंचेचाळीस-पन्नास दिवसांपर्यंत बिनव्याजी उधारी. गिरणी कामगाराला लागायची तेवढीच, दीड महिन्याची. दुसरा भरलात की उरलेल्या बाकीवर व्याज, अनेक कार्डांवर महिन्याला साडेतीन टक्के, आणि नव्या खरेदीवरही पहिल्या दिवसापासून. आपल्याकडे जुन्या हिंदू कायद्यात दामदुपट होतं: एका वेळी मुद्दलापेक्षा जास्त व्याज वसूल करता येत नसे, आणि मुंबई इलाख्यातली न्यायालयं ते मानत. कार्डाला तसलं कुंपण नाही. साडेतीन टक्क्यांच्या चक्रवाढीनं न भरलेली बाकी वीस-एकवीस महिन्यांत दुप्पट होते.

सप्टेंबर 2024 पासून रिझर्व्ह बँकेनं ग्राहकाला व्हिसा, मास्टरकार्ड, रुपे यांतून निवड करायचा हक्क दिला. चांगलं झालं, पण त्यानं व्याजाचा दर हलत नाही. सोसायटीतली मुलं मला विचारतात, "काकू, कुठलं कार्ड घेऊ? विमानतळाच्या लाउंजचं की पेट्रोलवाल्याचं?" मी आधी गेल्या सहा महिन्यांची बिलं मागते. दर वेळी एकूण देय भरलं असेल तर व्याजदराकडे बघूच नका. वार्षिक फी बघा, आणि तुमचा पैसा जिथे खरोखर जातो, किराणा, वीजबिल, रेल्वे, तिथे काय परत मिळतं ते बघा. वर्षातून एकदा विमानात बसणाऱ्यानं लाउंजसाठी पाच हजार फी कशाला भरायची? आणि एकदाही किमान देय भरून सुटका करून घेतली असेल, तर नवं कार्ड मागूच नका. आधी जुनी बाकी बँकेच्या साध्या वैयक्तिक कर्जात वळवा. त्याचा दर बहुतेक वेळा निम्म्याहून कमी पडतो. पेट्रोलचं नंतर बघू.