साचाखात्याचे बंद दार

स्मरणिकेसाठी काहीतरी लिहा, असे मंडळाच्या पोरांनी सांगितले. मी प्राध्यापक नाही, गिरणीतला माणूस. म्हणून गिरणीचाच इतिहास सांगतो.

मुंबईच्या कापड गिरण्यांत आपली माणसे रिंग खात्यात खपत, पण साचाखात्याचे दार त्यांना बंद होते. तिथे पगार जास्त. कारण काय, तर धोट्यात नवी कांडी घातली की धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे. अस्पृश्याचे तोंड लागलेला धोटा सवर्ण विणकर कसा हातात धरणार? आणि गेटवरच्या भाषणात मात्र ‘कामगार सारे एक!’ टाळ्या आपलेच लोक वाजवीत.

१९२८ साली सहा महिन्यांचा संप झाला. तेव्हा बाबासाहेबांनी पुढाऱ्यांना रोकडा सवाल केला, मागण्यांच्या यादीत साचाखाते कुठे आहे? ते घालणार नसाल तर आमची माणसे संपातून बाहेर पडतील. मग नाइलाजाने ती मागणी घातली गेली. फॉसेट कमिटीपुढे ती आली तेव्हा मालक हसले. हा अन्याय असेल तर तो आमचा नव्हे, म्हणाले. मालक लबाड खरे, पण यात खोटे काय बोलले? दार कामगारांनीच धरून ठेवले होते.

भाषणाला भुललेल्या माणसाला हा सवाल सुचला नसता. त्याला यादी वाचावी लागते, तिच्यात काय नाही ते दिसावे लागते. बाबासाहेबांनी आदल्याच वर्षी, ३ एप्रिल १९२७ ला ‘बहिष्कृत भारत’ काढले होते. पानेच्या पाने एकट्याने लिहीत. पुढे १९४६ ला सिद्धार्थ कॉलेज निघाले. वर्ग सकाळी भरत, म्हणजे नोकरीवाल्याला शिकून कामावर जाता येई. ही गोष्ट लहान वाटते. पण पाळीचा भोंगा ज्याने ऐकलाय त्याला विचारा.

लिहिणारेही उभे राहिले. १९५८ ला दादरच्या पहिल्या दलित साहित्य संमेलनाचे उद्घाटन अण्णाभाऊ साठ्यांनी केले. शाळा त्यांनी जेमतेम पाहिलेली. ते लाल बावट्याचे, हेही सांगितले पाहिजे. वर मी पुढाऱ्यांवर बोललो म्हणून सगळे एका मापाने मोजू नयेत.

माझ्या वडिलांना सही येत नव्हती. युनियनचा कागद आला की अंगठा उठवीत. एकदा तसा कागद घरी आला, मी सातवीत होतो. त्यांना वाचून दाखवला. त्यात बदली कामगारांचे नावच नव्हते, आणि वडील बदलीतच होते.