थोडक्यात बचावलो, नाहीतर 'तुपोनियन' झालो असतो!

नागरिकत्वाच्या परीक्षेच्या पुस्तिकेत 'कॅनडा' ह्या नावाविषयी मोजून दोन-तीन ओळी आहेत. 'कनाता' म्हणजे गाव, त्यावरून कॅनडा. परीक्षेपुरते तेवढे पुरते. मला मात्र त्या ओळींनी ग्रंथालयाची वाट धरायला लावली.

१८६० च्या दशकात उत्तर अमेरिकेतल्या ब्रिटिश वसाहतींचे संघराज्य करायचे घाटत होते. बाळ यायच्या आधीच बारशाची घाई, आणि नाव सुचवणाऱ्या आत्याबाई ढीगभर! बोरिअलिया, कॅबोटिया, होचेलागा, अल्बिओनोरा... 'एफिस्गा' तर इंग्लंड, फ्रान्स, आयर्लंड, स्कॉटलंड, जर्मनी आणि इथले मूलनिवासी ह्यांची इंग्रजी आद्याक्षरे जुळवून केलेले. आम्हा आयटीवाल्यांना असली नावे रोजचीच. पण हसू नका. १९३३ साली चौधरी रहमत अलींनी 'पाकस्तान' हे नाव अशीच अक्षरे जुळवून केले, आणि ते एका 'इ'ची भर पडून टिकले!

माझे आवडते मात्र 'तुपोनिया'. 'द युनायटेड प्रॉव्हिन्सेस ऑफ नॉर्थ अमेरिका'चे हे लघुरूप. मराठी माणसाला वरणभातच आठवावा! ९ फेब्रुवारी १८६५ रोजी थॉमस डार्सी मगी ह्यांनी विधानसभेत ह्या नावांची यथेच्छ थट्टा केली. एका सकाळी जाग आल्यावर आपण कॅनेडियन नसून तुपोनियन आहोत असे कळले तर कसे वाटेल, असे त्यांनी सभासदांना विचारले.

शेवटी जुनेच नाव राहिले. १ जुलै १८६७ ला चार प्रांतांचा कॅनडा झाला. जॉन मॅक्डोनल्डना 'किंग्डम' हवे होते, पण शेजारची अमेरिका बिथरेल म्हणून लंडनने 'डोमिनियन'वर भागवले. 'कॅनडा' हे मुळात ऑन्टारिओ-क्वेबेकच्या जोडप्रांताचे नाव. थोरल्याचे नाव साऱ्या घराला लागले म्हणून नोव्हा स्कोशियाची मंडळी कुरकुरली असतील, तर माझी त्यांना सहानुभूती आहे.

त्या नावाचा आरंभ मात्र गमतीचा नाही. १५३५ मध्ये जाक कार्तिए सेंट लॉरेन्स नदीतून वर निघाला. बरोबर दोन तरुण होते. आदल्या वर्षी त्यानेच त्यांना फ्रान्सला नेले होते. त्यांनी 'कनाता'ची, म्हणजे आपल्या स्टाडाकोना गावाची वाट दाखवली. आजचे क्वेबेक शहर त्याच जागी आहे. कार्तिएने ते नाव तिथला प्रमुख डोनाकोना ह्याच्या साऱ्या मुलखाला लावून टाकले. पुढच्या वर्षी परतताना त्याने खुद्द डोनाकोनाला पकडून फ्रान्सला नेले. बरोबर आणखी नऊ जण, त्यांत ते दोघे तरुणही. १५४१ मध्ये कार्तिए पुन्हा इकडे आला, तोवर एक लहान मुलगी सोडून सगळे तिकडेच वारले होते. माघारी कोणीच आले नाही.

१६०३ मध्ये शाम्प्लेन त्याच नदीतून गेला, तेव्हा स्टाडाकोना उरले नव्हते आणि तिथली माणसेही नव्हती. त्यांची भाषा आज कोणी बोलत नाही. कार्तिएच्या प्रवासवर्णनांना जोडलेल्या छोट्या शब्दयाद्यांतून तिचे थोडेसे शब्द वाचले. त्यांतल्याच एकाचा अर्थ तिथे 'गाव' असा दिला आहे.