ओला मका, १९७४

आज जाऊया १९७४ सालात. दक्षिण राजस्थानातला बांसवाडा आणि त्याला लागून गुजरातेतला पंचमहाल. वस्ती बरीचशी भिल्लांची, रोजचं अन्न मका.

त्या ऑक्टोबरात, ऐन काढणीला अवकाळी पाऊस झाला. कणसं ओलीच घरात भरली गेली आणि त्यांना बुरशी लागली. ती दिसत होती; पण गरिबाच्या घरात दुसरं धान्य नव्हतं. लोक तोच मका खात राहिले. काही आठवड्यांत गावोगाव कावीळ पसरली, पोटात पाणी होऊ लागलं. ३९७ जण आजारी पडले, त्यांतले १०६ दगावले.

कावीळ म्हटलं की आपला संशय आधी पाण्यावर जातो. पण इथे घरातलंच अन्न खाणारी कुत्रीही मेली होती. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शास्त्रज्ञांनी मका तपासला, तेव्हा त्यात अफ्लाटॉक्सिन सापडलं. बुरशीचं हे विष यकृतावर घाला घालतं, आणि भाकरी भाजली म्हणून ते जात नाही.

गावाकडून फोनवर कुणी म्हणालं, “यंदा कणसं भिजली”, तर भाव किती पडला एवढंच विचारू नका. घरात खायला काय आहे, तेही विचारा.