नाणेघाटातली गृहतापसी

मंडळी, आजचा विषय धीर. धीराची कथा म्हटली की आपण कीर्तनकार ध्रुव काढतो, प्रल्हाद काढतो, शबरीची बोरं काढतो. ती गोडच आहे. पण आज मी पुराणातलं काही सांगणार नाही. आपल्या वैशाखऱ्याच्या शिवेवर, त्या कड्याच्या खिंडीत दगडावर कोरलेलं आहे, तेवढंच सांगतो. नानाचा अंगठा इथून रोज दिसतो. गुरांमागं, लाकूडफाट्याला तुम्ही तो घाट चढला असाल. पण वरच्या गुहेच्या भिंतीवर काय लिहिलंय, हे किती जणांना ठाऊक आहे?

दोन हजार वर्षांहून जुनी गोष्ट आहे. सातवाहनांचं राज्य, राजधानी पैठण. गलबतं लागायची सोपाऱ्याला, कल्याणला. तिथला माल बैलांच्या पाठीवर लादून आपल्या या रानातून घाटावर चढायचा, तिथून जुन्नर, आणि पुढे पैठण. आज कल्याण-नगर रस्त्यावर ट्रक माळशेजनं जातात. तेव्हाचा हमरस्ता हा नाणेघाट. माथ्यावर दगडाचा मोठा रांजण आहे, जकातीची नाणी त्यात टाकायचे असं आपण ऐकत आलो. रांजण बघायला सगळे जातात, फोटो काढतात. मला त्याच्यापेक्षा तिथली पाण्याची टाकी जास्त आवडतात.

का आवडतात, ऐका. टाकं खोदलं कुणी? पाथरवटानं. खोदलं कधी? कोरड्या दिवसांत, उन्हानं तापलेल्या कातळावर बसून. छिन्नी, हातोडी आणि खपली खपली निघणारा काळा दगड. त्या वेळी टाक्यात पाण्याचा थेंब नाही. खोदणाऱ्यानं पाणी आणलं नाही, ते त्याच्या हातातही नव्हतं. त्यानं जागा केली. पाऊस त्याच्या वेळेला आला आणि टाकं भरलं. पुढे चैत्र-वैशाखात घाट चढून आलेल्या माणसानं ओंजळ भरली, तेव्हा तो पाथरवट कुठे होता कोणास ठाऊक! बरं, पाऊस सुरू झाल्यावर खोदायला बसला असता तर? नुसता चिखल झाला असता. काही जण म्हणतात, महाराज, देवावर भरवसा ठेवला, पण काही झालं नाही. अरे बाबा, पाऊस पडला असेल, टाकं खोदलं होतंस का?

आता गुहेत चला. मागच्या भिंतीला एके काळी राजघराण्याच्या मूर्ती होत्या. त्यांची नावं वर कोरलेली आहेत. सिमुक सातवाहन, राजा सातकर्णी, राणी नागनिका, राजकुमार. मूर्ती गेल्या. पावलांच्या खुणा तेवढ्या उरल्या. राजांचे मुकुट गेले आणि पाय राहिले, वारकऱ्याला याचा अर्थ वेगळा सांगायला नको. डाव्या-उजव्या भिंतींवर ब्राह्मी लिपीत मोठा लेख आहे. भाषा प्राकृत, म्हणजे आपल्या मराठीची पणजी म्हणा. आरंभी देवांना नमन. धर्माला, इंद्राला, चंद्र-सूर्याला, यम-वरुण-कुबेरादी लोकपालांना आणि त्यांतच संकर्षण-वासुदेवाला. वासुदेव, मंडळी! पंढरीला विटेवर उभा आहे तोच. आपल्या गावावरच्या कड्यात त्याचं नाव दोन हजार वर्षांपासून आहे. म्हणा, विठ्ठल विठ्ठल!

पुढे यज्ञांची यादी आहे. अश्वमेध, राजसूय. दानाचे आकडे आहेत. गायी, घोडे, हत्ती, गावं, कार्षापण म्हणजे त्या वेळची नाणी. इतिहासाची मंडळी हे आकडे मोजतात, आणि मोजावेतच, कारण आपल्या देशातल्या फार जुन्या लेखी आकड्यांत त्यांची गणना होते. पण माझी नजर अडते ती राणीच्या वर्णनाशी. पती गेलेला, वेदश्री आणि शक्तिश्री ही मुलं पदरात. बहुतेक अभ्यासक मानतात की ही राणी म्हणजे नागनिका, आणि मुलगा लहान असताना राज्याचा गाडा तिनं ओढला. तिला काय म्हटलंय? मासोपवासिनी, म्हणजे महिना महिना उपवास करणारी. आणि लगेच पुढे शब्द आहे, ‘गहतापसा’. गृहतापसी. घरात राहून तप करणारी.

यज्ञाचा धूर गेला, हत्ती गेले, कार्षापण गेले. हा शब्द पाहा. तप म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे हिमालय येतो, गुहा येते, जटा येतात. इथं गुहेतच लिहून ठेवलंय की तप घरात झालं! मुलं मोठी होईपर्यंत थांबणं हे तप. मुलगा आठ वर्षांचा असेल तर उद्या वीस वर्षांचा करता येत नाही, राणीलासुद्धा नाही. सैन्य आहे, खजिना आहे, पण दिवस पुढे ढकलायचा अधिकार नाही. ती रोजचा दिवस रोज सांभाळत गेली.

आणि मायबहिणींनो, हे तुम्हाला मी काय सांगावं? फाल्गुन-चैत्रात टहाळ तोडून आणता, शेण, पालापाचोळा, गवत थरावर थर लावता, वर माती पसरता आणि राब भाजता. आभाळात तेव्हा ढगाचा ठिपका नसतो. मृग येतो, बी पडतं, रोप हिरवं होतं, मग आषाढात कंबरभर वाकून लावणी. म्हणूनच आपल्याकडच्या पुष्कळ घरांना आषाढी गाठता येत नाही, पाय चिखलात असतात. कार्तिकीला जाता. देव काही रागावत नाही. भाताची लोंबी वर ओढून लवकर काढता येते का? ओढली तर हातात काडी येते.

पण इथं एक गोष्ट स्पष्ट सांगतो. मागे एका कीर्तनानंतर एक बाई पुढे आल्या. म्हणाल्या, “महाराज, तुम्ही धीर धरा म्हणता, पण आम्हीच किती धरायचा?” प्रश्न खरा आहे. धीर हा शब्द गरिबाच्या तोंडावर मारायचा नसतो. लावणीत साप चावला तर देवाच्या वेळेची वाट पाहू नका, भगताकडेही बसू नका, माणसाला हलू न देता तडक सरकारी दवाखाना गाठा. वनहक्काचा कायदा 2006 साली झाला. दावा टाकला असेल तर पावती जपा, ग्रामसभेत उभं राहून विचारा, पुन्हा विचारा. विचारणं म्हणजे अधीरपणा नव्हे. आपल्या वाटचं काम अर्धं टाकून ‘देव करील’ म्हणणं याला मी आळस म्हणतो, मग कपाळी कितीही गोपीचंदन असो.

बरं, तो लेख कोरला, त्याचं पुढे काय झालं? राज्य बुडालं. लिपी बदलत बदलत गेली, तिचीच पुढे आपली देवनागरी झाली, पण जुनं अक्षर वाचणारा कोणी राहिला नाही. घाट मात्र चालूच. बैल चढतायत, उतरतायत, माणसं गुहेत पाऊसवाऱ्याला टेकतायत, आणि पाठीशी भिंतीवर वासुदेव लिहिलेला आहे, कोणाला पत्ता नाही. त्याच पैठणात निवृत्ती, ज्ञानोबा, सोपान, मुक्ताई ही पोरकी लेकरं शुद्धिपत्रासाठी गेली. मोठमोठे पंडित पुढ्यात, पण लेकरांच्या डोळ्यांतलं वाचणारा लवकर भेटला नाही. पुढे 1290 साली नेवाशाला ज्ञानेश्वरी झाली. घाटातली अक्षरं तेव्हाही मुकीच होती.

1837 च्या सुमारास जेम्स प्रिन्सेप नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं ब्राह्मी लिपी उलगडली. मग पंडित भगवानलाल इंद्रजी. जुनागढचे, 1839 चा जन्म, मुंबईत डॉ. भाऊ दाजींच्या हाताखाली तयार झालेले. आयुष्यभर डोंगरदऱ्या हिंडून त्यांनी शिलालेख उतरवले. नाणेघाटातल्या आकड्यांवर त्यांनी निबंध लिहिला. झिजलेलं एकेक अक्षर डोळ्यांत तेल घालून लावलं, तेव्हा ते नमन पुन्हा वाचलं गेलं. मधल्या शेकडो वर्षांत वाचणारा नव्हता, म्हणून नाव तिथून निघून गेलं का? ते होतं तिथंच होतं.

आपण म्हणतो, देवाची वाट पाहून थकलो. पंढरीला काय झालं आठवा. पुंडलिक आईबापांचे पाय चेपत होता. देव दारात आला, तर यानं वीट फेकली, म्हणाला, थांब जरा, हातचं काम होऊ दे. तोही गृहतापसीच की! आणि देव थांबला. अजून थांबलाय, कमरेवर हात ठेवून.

तुम्ही वर जाल तेव्हा पावसात जाऊ नका, दगड फार निसरडे होतात. दिवाळीनंतर जा, भात झोडून झालं की. गुहेत शिरल्यावर डाव्या हाताच्या भिंतीवर वरच्या ओळींत ते नमन आहे. हात जोडा, पण अक्षरांना हळदकुंकू, तेल, खडू काही लावू नका, आणि आपलं नाव तर मुळीच कोरू नका. पोरांना दाखवा. मग बाहेर येऊन टाक्यापाशी बसा, त्या दिवसांत ती भरलेली असतात.