वक्र प्रवाहमार्गातील दुय्यम भोवरे : प्रायोगिक अभ्यासाचा इतिहास आणि खडकवासल्याचे योगदान

प्रस्तावना :
सोलापूर जिल्ह्यात पंढरपूरजवळ भीमा चंद्रकोरीसारखे वळण घेते. म्हणूनच तिला चंद्रभागा म्हणतात. अशा वळणावर नदी बाहेरचा काठ खणते आणि आतल्या काठाशी वाळू साठविते. या घटनेमागील दुय्यम प्रवाहाच्या प्रायोगिक अभ्यासाचा इतिहास प्रस्तुत लेखात मांडला आहे.

संकल्पनेचा उगम :
वळणावर पृष्ठभागाचे वेगवान पाणी बाहेरच्या काठाकडे ओढले जाते व तेथील पातळी किंचित उंचावते. त्या दाबाने तळाचे मंद पाणी वाळूसह आतल्या काठाकडे सरकते. परिणामी प्रवाह मळसूत्राप्रमाणे फिरत पुढे जातो. जेम्स थॉमसन यांनी १८७६ मध्ये हे स्पष्टीकरण मांडले व पुढे वक्र पाटातील प्रयोगाने ते दाखवून दिले. आइनस्टाइन यांनी १९२६ मध्ये, चहा ढवळल्यावर पेल्याच्या मध्यभागी गोळा होणाऱ्या पत्तीच्या उदाहरणाने तेच तत्त्व विशद केले. डीन यांनी १९२७ मध्ये वक्र नळीतील व १९२८ मध्ये वक्र मार्गातील प्रवाहाचे गणिती विश्लेषण केले.

खडकवासला येथील प्रयोग :
दख्खनच्या सिंचनप्रश्नांसाठी मुंबई इलाख्याने १९१६ मध्ये एक विशेष विभाग स्थापन केला. त्यातूनच खडकवासल्याचे आजचे केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्र विकसित झाले. तेथे क्लॉड इंग्लिस यांनी नद्यांच्या प्रतिकृतींवर वळणांचा अभ्यास केला. सिंधमधील सक्कर बंधारा १९३२ मध्ये कार्यान्वित झाल्यावर उजव्या तीरावरील कालव्यांत वाळू शिरू लागली. प्रतिकृतीवरील प्रयोगांतून त्यावर वक्र प्रवेशमार्गाचा उपाय पुढे आला. कालव्याचे मुख वळणाच्या बाहेरच्या बाजूस ठेवल्यास तळाची वाळू विरुद्ध दिशेला जाते, हे त्यामागील सूत्र होय. इंग्लिस यांचा नद्या व कालव्यांवरील संशोधनग्रंथ १९४९ मध्ये प्रसिद्ध झाला.

निष्कर्ष :
युरोपात सिद्धान्तरूपाने मांडलेला हा विचार खडकवासल्याच्या प्रयोगांनी कालव्यांच्या रचनेत उतरविला. वळणाचा जो प्रवाह काठ ढासळवितो, त्याचाच उपयोग गाळ दूर ठेवण्यासाठी होऊ शकतो, हे या इतिहासाचे सार आहे. भीमाकाठी उपसा सिंचनाची जागा ठरविताना किंवा वाळूचा उपसा करताना नदीच्या वळणाचा विचार व्हावा, हाच त्याचा आजचा बोध होय.